गाडीचा गंजलेला पत्रा आणि वेल्डिंगचे पहिले मशीन



आज आपण वेल्डिंगच्या मशीनविषयी बोलणार आहोत. तुमच्यापैकी काही जण मनात हसत असतील. गुरुजींनी जन्मभर खडू आणि फळा वापरला, त्यांना यातले काय कळते? खरे आहे. तीन वर्षांपूर्वी आम्हांला यातले काहीही कळत नव्हते. आणि त्या न कळण्यापायी एका कष्टाळू माणसाचे पैसे आमच्या डोळ्यांदेखत वाया गेले. त्यात चूक आमचीही होती. ती कशी, ते आधी सांगतो.

आपल्या रात्रीच्या वर्गात भोर तालुक्यातले एक गृहस्थ येत असत. चार वाड्यांवरचे दूध गोळा करायचे आणि पुण्यात आणून घालायचे, हा त्यांचा धंदा. त्यांच्याजवळ एक जुनी मालवाहू ओम्नी गाडी होती. तिच्यावर घरातली सहा माणसे जगत होती. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग करून घ्यावे लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पासिंगला महिना राहिला, आणि एके दिवशी कॅन उतरवताना त्यांचा पाय गाडीच्या तळातून आरपार गेला. पत्रा गंजून पापडासारखा झाला होता.

हे असे का होते? लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही एकदम मिळाली की गंज धरतो. दुधाच्या गाडीत कॅन हिंदकळतात, दूध सांडते, रोज पाणी मारून गाडी धुतली जाते. तळावर रबराची चटई असते. चटई वरून कोरडी दिसते, खाली मात्र ओल तशीच राहते. दारांना आणि तळाला पाणी निघून जायला बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजतात. मग पाणी आतच साचते आणि पत्रा आतून खात खात बाहेर येतो. बाहेर रंगावर हरभऱ्याएवढा फोड दिसला, तर आत तळहाताएवढी जागा गेली आहे असे समजावे. खताची पोती वाहणाऱ्या गाडीचे आणि कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या गाडीचे हाल तर विचारू नका.

गृहस्थांनी पुण्यात दोन ठिकाणी विचारले. मजुरीचा आकडा ऐकून ते गप्प झाले. त्याहून मोठी अडचण म्हणजे गाडी आठ दिवस ठेवून जा, असे सांगितले गेले. आठ दिवस दूध कोण नेणार? एकदा दूध दुसऱ्याच्या गाडीत गेले की ते परत येत नाही. तेव्हा त्यांनी ठरवले की मशीन विकत घ्यायचे, काम स्वतः शिकायचे. दुकानात जाताना त्यांनी आम्हांला बरोबर नेले. "गुरुजी, तुम्हांला इंग्रजी वाचता येतं," म्हणाले.

आम्ही गेलो. दुकानात मशीने रांगेने मांडली होती. एकावर २०० लिहिलेले, एकावर २५०. दुकानदार म्हणाला, "घ्यायचंच तर मोठं घ्या. उद्या लोखंडी दरवाजे कराल, ट्रॉली कराल." आम्हांला ते पटले. शाळामास्तराची खोड पडली ना, जास्त गुण म्हणजे जास्त हुशार! आम्ही मान डोलावली. २५० चे मशीन आले.

घरी नेऊन त्यांनी कांडी पत्र्याला टेकवली. रुपयाएवढे भोक होते, ते पुरीएवढे झाले. ते बुजवायला गेले तर आणखी वाढले. ठिणग्या सीटखाली उडाल्या आणि आतला स्पंज धुमसू लागला. घरच्या बाई अंगणातच होत्या. त्यांनी पाण्याची बादली आणून ओतली, म्हणून गाडी वाचली. गाडीत पेट्रोल होते, मंडळी. रात्री त्या गृहस्थांचे डोळे वाळू गेल्यासारखे खुपू लागले. बटाट्याच्या फोडी ठेवून ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

मग आम्ही दोघे नाना पेठेत गेलो. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, आणि आसपास पत्र्याचे काम करणारी जुनी माणसे आहेत. त्यांतल्या एका मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "गुरुजी, मशीनचा वरचा आकडा कशाला बघितलात? पत्र्याला खालचा आकडा बघतात."

आमच्या सगळ्या शिक्षणाची सुरुवात त्या वाक्यापासून झाली. त्याचा अर्थ आता नीट समजून घेऊ.

आधी वेल्डिंग म्हणजे काय ते पाहू. आपल्या पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशव्यांच्या काळापासून तिथे तांब्याची भांडी घडतात. तांबट पत्र्याच्या दोन कडा जुळवतात आणि झाळ देतात. झाळेत भांड्याचा पत्रा वितळत नाही. मधे घातलेली दुसरी धातू तेवढी वितळते आणि दोन्ही कडांना धरते. वेल्डिंगमध्ये तसे नाही. तिथे पत्रा स्वतःच वितळतो, वरून घातलेली तार वितळते, आणि थंड झाल्यावर सगळे एकजीव होते. म्हणजे पत्रा वितळायला हवा, पण गळून पडता कामा नये. सगळी कसब या दोहोंमध्ये आहे.

गाडीच्या अंगाचा पत्रा किती जाड असतो? साधारण ०.७ ते १ मिलिमीटर. तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवा, जवळपास तेवढा. जुना हिशेब असा आहे की १ मिलिमीटर जाडीला सुमारे ४० अँपिअर वीज पुरते. अँपिअर म्हणजे विजेच्या प्रवाहाचे माप, जसे पाटातल्या पाण्याचे असते. तेव्हा ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याला ३० ते ३५ अँपिअर झाले. आता आपल्या गृहस्थांची कांडी पाहा. बाजारात तिला १० नंबरची कांडी म्हणतात. ती ३.१५ मिलिमीटर जाड असते. तिला नीट जळायला ९० च्या पुढे अँपिअर लागतात. १२ नंबरची, म्हणजे २.५ मिलिमीटरची कांडी घेतली तरी ६० च्या आसपास लागतात. रोपाला पाणी घालायला विहिरीवरचा पंप लावल्यासारखे ते झाले. रोप राहील कसे?

म्हणून कांडीचे मशीन, ज्याला आर्क मशीन म्हणतात, ते वाईट नाही. फाटक, खिडकीची जाळी, ट्रॉलीचा सांगाडा यांना तेच उत्तम. ते स्वस्त असते, वाऱ्यात चालते, गॅसची नळकांडी लागत नाहीत. पण गाडीच्या पातळ पत्र्याला, आणि तेही नवशिक्याच्या हातात, ते देऊ नये. मुरलेला मिस्त्री बारीक कांडी घेऊन टाके मारू शकतो. आपण मुरलेले नाही.

दुसरा प्रकार गॅस वेल्डिंगचा. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांची ज्योत. आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांनी वर्षानुवर्षे गाड्यांचे पत्रे याच ज्योतीने जोडले. सांधा मऊ होतो, हातोडीने ठोकून सरळ करता येतो. पण उष्णता दूरवर पसरते, पत्रा लाटेसारखा वाकतो, आणि ज्योतीजवळ जे काही जळण्यासारखे असेल ते पेटते. दोन टाक्या घरी ठेवणे हीही जोखीम. काही जण घरच्या स्वयंपाकाचा सिलिंडर वापरतात. तो बेकायदा आहे आणि जिवावरचा खेळ आहे. तो विचार सोडून द्या.

तिसरा प्रकार टिग. सांधा फार सुबक येतो. पण एका हातात ज्योत, दुसऱ्या हातात तार, आणि पत्रा आरशासारखा स्वच्छ हवा. गंजलेल्या गाडीखाली उताणे पडून हे जमत नाही. हा प्रकार पुढे कधीतरी शिकावा.

चौथा प्रकार मिग. आपल्या कारखान्यांत याला सीओटू वेल्डिंग असेही म्हणतात. याच्यात कांडी नसते. मशीनमध्ये तारेचे रीळ असते. बंदुकीसारखी मूठ दाबली की बारीक तार आपोआप पुढे येते आणि तिच्याभोवती गॅस येतो. गॅस वितळलेल्या धातूला हवेपासून झाकतो. तार ०.८ मिलिमीटरची, किंवा त्याहून बारीक ०.६ ची असते. तार बारीक म्हणून वीज थोडी, वीज थोडी म्हणून पत्रा वाचतो. मूठ दाबा, एक टाका. सोडा, थंड. पुन्हा दाबा, दुसरा टाका. मिस्त्रींनी आमच्या हातात मूठ दिली. पहिल्या दिवशी आमचे टाके उकिरड्यावरच्या कोंबडीच्या पावलांसारखे पडले, पण भोक पडले नाही. तेव्हा नवशिक्याने गाडीच्या पत्र्यासाठी मिगच घ्यावे, हे आमचे मत झाले आणि अजून तेच आहे.

आता मिगमध्येही एक फाटा आहे. बिनगॅसचे मिग मिळते. त्याच्या तारेच्या पोटात मसाला भरलेला असतो, त्याचाच धूर धातूला झाकतो. सिलिंडरचा खर्च नाही, उघड्यावर वाऱ्यात चालते, म्हणून खेड्यातल्या माणसाला मोह पडतो. पण ठिणग्या फार उडतात, वर कवच साचते आणि पत्र्यावर उष्णता जास्त पडते. भोक पडण्याची भीती पुन्हा आलीच. आमचा सल्ला असा, की दोन्ही रीतींनी चालणारे मशीन घ्यावे. त्यात धन आणि ऋण टोकांची अदलाबदल करण्याची सोय असते. बिनगॅसच्या तारेला साधारणपणे मूठ ऋणाला जोडतात, गॅसच्या तारेला धनाला. ही अदलाबदल न केल्यामुळे पुष्कळ लोक मशीनलाच नावे ठेवतात.

गॅस कोणता? नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो. त्याने काम होते, पण ठिणग्या जरा जास्त. आर्गॉनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला मिळतो. तो महाग, पण पातळ पत्र्याला सौम्य. एक सिलिंडर हलक्या कामाला पुष्कळ दिवस जातो. मिनिटाला ८ ते १२ लिटर सोडला की पुरे. आणि काम झाल्यावर मुख्य चावी बंद करायला विसरू नका. रात्रभर गळून रिकामा झालेला सिलिंडर आम्ही पाहिला आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. मशीनच्या पाठीवर एक छोटी पाटी असते. ती वाचा. तुम्ही म्हणाल, ती इंग्रजीत असते. असू द्या. इंग्रजी आकडे दहाच आहेत, दोन दिवसांत येतात. अक्षरे तीन-चार ओळखायची. दुकानदाराच्या तोंडापेक्षा ही पाटी जास्त खरे बोलते.

पाटीवर अँपिअरचे दोन आकडे असतात, ३० ते २०० किंवा ५० ते २५० असे. वरचा आकडा पाहून भुलू नका. खालचा आकडा ३० किंवा त्याच्या आत हवा. आमच्या त्या मशीनचा आकडा पुढे आम्ही भिंग घेऊन वाचला. तो ५० होता. आमच्या नाकासमोर लिहिलेला होता, आणि आम्ही, लोकांना वाचायला शिकवणारे, तो वाचला नव्हता.

मग विजेचा आकडा. घरची वीज २३० व्होल्टची, एका फेजची. काही मशीनला तीन फेज लागतात. असे मशीन स्वस्तात मिळाले तरी घरी चालणार नाही. दुसरा हिशेब पाहा. २५० अँपिअर पुरे वापरायचे तर सात हजार वॅटच्या पुढे वीज लागते. घरातला मोठा १६ अँपिअरचा प्लग साडेतीन हजारांच्या आसपास देतो. म्हणजे घरी ते २५० कधी निघणारच नाहीत. आपण कागदावरच्या आकड्याचे पैसे मोजले. उलट पत्र्याच्या कामाला ४० अँपिअर धरले तर सांध्यावर साडेसहाशे वॅटच लागतात. कपड्यांची इस्त्री याहून जास्त खाते.

पाटीवर टक्केही असतात. ६० टक्के असेल तर त्या अँपिअरवर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा, असा अर्थ. आपले काम टाक्याटाक्यांचे आहे, मशीनला मधे श्वास मिळतोच. तेव्हा या टक्क्यांसाठी जास्त पैसे मोजू नका.

खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडते. १८० वर आले की काही मशीने बंद पडतात. किती व्होल्टपर्यंत चालते ते दुकानात विचारा आणि बिलावर लिहून घ्या. लांब वायर ओढायची तर तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची हवी. बारीक वायर तापते आणि वीज वाटेतच खाऊन टाकते. अर्थिंग पक्के हवे. आकडा टाकून मशीन चालवू नये, हे सांगायला नको, पण सांगतो.

विकत घेताना दोन गोष्टी करा. एक, घरून गाडीच्याच जाडीचा पत्र्याचा तुकडा बरोबर न्या. मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी धुंडाळले तर जुने दार, जुने मडगार्ड मिळून जाते. दुकानदाराला म्हणा, यावर टाका मारून दाखवा. जो जाड पट्टीवरच दाखवतो, त्याला नमस्कार करून पुढे निघा. दुसरे, मुठीची नळी, तार पुढे ढकलणारी चाके, तोंडाची तांब्याची टोपणे हे सुटे भाग पुण्यात मिळतात का, ते विचारा. टोपणे झिजतात, सतत लागतात. नावाजलेल्या कंपनीचे मशीन थोडे महाग पडते, पण दुरुस्ती होते. आपल्या चिंचवडलाच अडोर वेल्डिंग ही जुनी कंपनी आहे. अडवाणी-ओर्लिकॉन या नावाने ती १९५१ साली निघाली. तिचेच घ्या असे आम्ही म्हणत नाही. दुरुस्तीचे ठिकाण एसटीच्या एका तिकिटात गाठता यावे, एवढेच म्हणतो.

सगळे पैसे मशीनवर घालवू नका. आपोआप काळी होणारी काच असलेला मुखवटा घ्या. कातड्याचे हातमोजे, सुती जाड कपडे, बंद बूट, ग्राइंडर आणि त्याचा चष्मा हवा. नायलॉनचा सदरा ठिणगीने अंगाला चिकटतो. डोळ्यांचे तर आपण ऐकलेच. पोरेबाळे कौतुकाने पाहायला उभी राहतात, त्यांचे डोळे आधी वळवा. डोळे खुपलेच तर डॉक्टरांना दाखवा, बटाट्यावर विसंबू नका.

गाडीवर हात घालण्याआधी बॅटरी सोडवून ठेवा. सीट, चटई, आतला कापूस-स्पंज बाहेर काढा. पेट्रोलची टाकी आणि नळी जवळ असेल तर ती जागा आपली नाही, मिस्त्रीची आहे. गाडीत सीएनजी असेल तर सिलिंडर अधिकृत ठिकाणी उतरवल्याशिवाय ठिणगी पाडू नका. वाळूची एक आणि पाण्याची एक बादली जवळ ठेवा. पत्र्याच्या पलीकडच्या बाजूला एक माणूस उभा करा, कारण आग नेहमी आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला लागते. काम झाल्यावर अर्धा तास तिथून हलू नका. ओल्या जमिनीवर, ओल्या पायांनी काम नको. पावसाळ्यात तर मुळीच नको.

गंजावर पट्टी लावायची नाही. पेचकसाने टोचत जा. जिथे तो आत जात नाही तिथपर्यंत पत्रा कापून काढा, अगदी मन खट्टू झाले तरी. चकचकीत पत्रा लागला की थांबा. त्या मापाची नवी पट्टी कापा. चार कोपऱ्यांना चार टाके मारा. मग एक इकडे, एक तिकडे, असे दूरदूर मारत या. एकाच जागी ओळीने मारत गेलात तर पत्रा तापून वाकेल. हात लावता येईल इतका थंड होऊ द्या, मगच पुढचा टाका. भोक पडलेच तर मागून तांब्याची जाड पट्टी दाबून धरा. वेल्डिंग तांब्याला चिकटत नाही आणि भोक भरून येते. शेवटी घासा, गंजरोधक रंग द्या, सांध्यावर सीलर भरा आणि आतल्या बाजूलाही मेण किंवा तेल पोचवा. नुसती लांबी भरून वरून रंग दिला तर गाडी दिसते छान, पण दोन पावसाळ्यांत तुमचा पाय पुन्हा खाली जातो.

काही जागा मात्र नवशिक्याने हात लावू नये अशा आहेत. स्प्रिंग जिथे अडकते, स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्यांची जागा, सीटचा पट्टा जिथे बोल्टने बसतो, आणि गाडीचा मुख्य सांगाडा. तिथला टाका सुटला तर माणूस जातो. अलीकडच्या गाड्यांत काही भाग फार कणखर पोलादाचे असतात. चुकीच्या उष्णतेने ते कमजोर होतात.

त्या दूधवाल्या गृहस्थांनी पुढे काय केले? पहिले मशीन विकले नाही. गावातली फाटके आणि कडबा कुट्टीच्या यंत्रांचे पाय जोडून त्यातून थोडेफार मिळू लागले. मिग त्यांनी घेतले, पण लगेच नाही. आधी पंधरा दिवस रोज दूध पोचवल्यावर दुपारी दोन तास मिस्त्रींकडे जुन्या पत्र्यावर टाके मारले. तळाचा मधला पत्रा स्वतः बसवला. चाकाजवळचा भाग मिस्त्रींकडून करून घेतला, त्यासाठी गाडी एकच दिवस थांबली, तोही भाऊबंदांच्या टेम्पोवर निभावला. पासिंगला तारीख उलटून चार दिवस झाले होते, दंड भरावा लागला. पण गाडी पास झाली.

ज्यांच्या घरी मुले आठवी झालेली आहेत त्यांच्यासाठी एक सांगतो. औंधला शासनाची औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो आणि त्याला आठवी पास चालते. बाप मशीन घेईल आणि मुलगा हात शिकून येईल, तर पैसे दोघांचेही वाचतील.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ आपले मशीन इथे घेऊन येणार आहेत. ज्यांना टाका मारून पाहायचा असेल त्यांनी सुती सदरा घालून यावे आणि हातभर जुना पत्रा आणावा. डालड्याचे डबे नकोत, ते फार पातळ. आणि घरावरचे जस्ताचे पत्रेही नकोत. जस्त जळले की त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. मुखवटे दोनच आहेत, तेव्हा एका वेळी दोघेच पुढे येतील, बाकीच्यांनी पाठ करून बसायचे आहे.